बदली

हिराजी कडूला मी पाहिलं कमी, ऐकलं जास्त.
तो स्टॉपर, चार नंबर. मी उजवा विंगर, सात.
चौदा सीझन त्याचा आवाज
माझ्या मानेवर बसायचा माशीसारखा:
धाव. मागं माणूस. सोड आता, सोड.
करावे गावचा आवाज,
खाडीतल्या होडीला हाका मारून कमावलेला.

ठाणे-बेलापूर रोडवर धाग्याची कंपनी होती.
तिनं आम्हाला फुटबॉलवर घेतलं,
त्याला स्टोअरमध्ये, मला टाइम ऑफिसात.
बारापर्यंत बॉबिनी, मग बूट.
शील्ड आणली की दिवाळीला एक पगार जास्त,
हरलो की सुपरवायझर विचारायचा,
पाय दुखतात का, साहेब?

कंपनीला टाळं लागलं त्या दिवशी
गेटवर सगळे हिशोबाचं बोलत होते.
हिराजी वॉचमनच्या कानात काही सांगून आत गेला
आणि जाळ्या घेऊन आला.
गोलच्या. दोन्ही बाजूंच्या.

त्याच मग सारसोळ्याच्या मैदानावर,
पाण्याच्या टाकीमागं,
जिथं उधाणाच्या दिवशी कॉर्नरचा झेंडा
कुणीतरी हातानं दाबून धरावा लागतो.
क्लब निघाला. दुसऱ्या डिव्हिजनला चढलो.
मॅनेजर ठेवायला पैसे नव्हते, म्हणून तोच.
यादी लिहायचा लाइटबिलाच्या पाठीवर,
स्वतःचं नाव शेवटी,
पंगतीत वाढणारा शेवटी बसतो तसं.

बदलीच्या पाट्या शिरवण्याच्या पेंटरनं केलेल्या,
एरवी तो रिक्षांचे नंबर रंगवायचा.
पत्रा, लाल आकडा, खाली लाकडी दांडा.
एका रविवारी, एक-एक असताना,
त्यांचा एक पोरगा हिराजीला तिसऱ्यांदा चुकवून गेला.
हिराजी उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.
बॉल बाहेर गेल्यावर चालत रेषेपर्यंत आला,
पाट्यांच्या ढिगातून चार काढला,
रेफरीला दिसेल असा डोक्यावर धरला
आणि त्या चारच्या खालून
स्वतःच बाहेर पडला.
पोरं हसली. मीही हसलो.
परत तो कधी आत गेला नाही.

माझी वेळ दोन वर्षांनी आली, एकसष्टाव्या मिनिटाला.
मी चांगला खेळत होतो. अजूनही तेच म्हणतो.
सात दिसला. न दिसल्यासारखं केलं.
थ्रो माझा नव्हता, तरी घेतला.
आवाज या वेळी मागून नाही, बाजूनं आला:
ये भायेर, बाला.
मी पाटी त्याच्या हातातून हिसकावली, घरी नेली.
सहा वर्षं बोललो नाही.

तुर्भे डेपोत बदली ड्रायव्हर झालो.
कुणाला ताप, कुणाच्या घरी लग्न, की मला फोन.
पहाटे साडेचारला दुसऱ्याच्या सीटवर,
दुसऱ्याच्या उंचीला लावलेल्या आरशात बघत
गाडी काढताना काही काही कळायला लागलं.
सगळं नाही.

गेल्या मोसमात बिल्डरनं क्लब घेतला.
नवा मॅनेजर लॅपटॉप घेऊन येतो, पोरगा बरा आहे म्हणतात.
हिराजीला फोनवर कळवलं, रात्री नऊला.
पाटी कुणी धरली नाही.

मी गेलो तेव्हा तो जाळी शिवत होता,
सुई दातात.
गावातली दहा-अकरा वर्षांची पोरं येतात म्हणाला.
यादी नाही करत. येतील ती सगळी खेळतात.
पाटी त्याच्यासमोर ठेवली.
लाल उडालेला, सात तेवढा शिल्लक.
त्यानं ती उलटी केली, तळव्यानं पुसली.
ही बाजू कोरी आहे, स्कोर लिहायला होईल.

बराच वेळ गाठी मारत राहिला.
मग वर न बघता:
थ्रो का घेतलास रे त्या दिवशी?

मी म्हटलं,
मागून कुणी ओरडलं नाही.